एवढंसं विमान पडलं तर बिघडलं कुठं?

आमच्या गावच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर इस्रोच्या 'पुष्पक'चा जुना व्हिडिओ परवा पुन्हा फिरत होता. हेलिकॉप्टरला टांगलेलं, छोटे पंख असलेलं एक पांढरं यान. ते वरून सोडलं जातं, आपलं आपण वळतं आणि धावपट्टीवर येऊन टेकतं. खाली कॉमेंटा नेहमीच्याच. एकानं लिहिलं, "एवढंसं? यात माणूस बसणार कुठं?" दुसरे एक निवृत्त गुरुजी, एरवी अतिशय सज्जन माणूस, त्यांनी विचारलं, "पत्रकार, ही खेळणी उडवायला सरकारकडं पैसे आहेत, आणि आमच्या शाळेच्या पत्र्याला नाहीत?"

पत्र्याचं गुरुजींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण 'खेळणी' हा शब्द काही मनातून जाईना. कारण हा शब्द फक्त गुरुजींचा नाही. आपल्या न्यूज चॅनलांचा, बऱ्याच पुढाऱ्यांचा आणि खर्चाचा हिशेब मागणाऱ्या बाबूंचाही तोच शब्द आहे. छोटं मॉडेल नीट उडालं तर खेळणं, आणि पडलं तर 'कोट्यवधी पाण्यात'. दोन्हीकडून मार. म्हणून हे लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

आधी पुष्पकचं. २ एप्रिल २०२३ ला कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या चाचणी तळावर हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं हे यान साडेचार किलोमीटर उंच नेलं आणि सोडून दिलं. ते स्वतः मार्ग काढत धावपट्टीवर उतरलं. मार्च २०२४ आणि जून २०२४ मध्ये पुन्हा तेच केलं, पण मुद्दाम अवघड करून. म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत न सोडता बाजूला सोडलं. जूनच्या वेळी तर अर्धा किलोमीटर बाजूला. बघू, स्वतःला सावरून रेषेवर येतंय का! टेकताना वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर. आपण तिकीट काढून बसतो ती विमानं साधारण २६० च्या आसपास टेकतात. पुढं जे मोठं, अवकाशात जाऊन परत येणारं यान करायचं आहे, त्याची ही लहान आवृत्ती. मोठ्याला पंख कसे लागतील, ते कसं डुलेल, कसं सावरेल, हे आधी लहानाला विचारून घ्यायचं. त्यात माणूस बसत नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे.

माणूस बसला तर काय होतं त्याची एक गोष्ट सांगतो. गोष्ट इंग्लंडची आहे.

२२ ऑक्टोबर १९६३. बीएसी वन-इलेव्हन नावाच्या नव्या प्रवासी विमानाचा पहिला नमुना चाचणीसाठी उडाला. चालवणारा माइक लिथगो. हा १९५३ साली जगातला सगळ्यात वेगवान वैमानिक ठरलेला माणूस, नवशिका नव्हे. चाचणी होती 'स्टॉल'ची. वेग कमी करत, नाक वर करत न्यायचं, पंखांना हवा धरता येईनाशी होते तो क्षण गाठायचा आणि मग नाक खाली करून विमान सावरायचं. प्रत्येक नव्या विमानाला ही परीक्षा द्यावीच लागते. त्या दिवशी नाक खाली आलंच नाही. विमान जवळजवळ आडवंच, ताट खाली सोडावं तसं जमिनीवर आलं. सातही जण गेले.

कारण नंतर समजलं. त्या विमानाची इंजिनं मागं शेपटाजवळ होती, आणि आडवं शेपूट उभ्या शेपटाच्या टोकावर, इंग्रजी टी अक्षरासारखं. नाक फार वर गेलं की पंखांवरून सुटलेली विस्कटलेली हवा थेट त्या उंच शेपटावर जायची. शेपूट त्या गढूळ हवेत बुडालं की वैमानिकानं दांडा कितीही पुढं ढकलला तरी काही होत नाही. होडीचं वल्हं फेसात मारल्यासारखं. याला 'डीप स्टॉल' म्हणतात. तीन वर्षांनी, ३ जून १९६६ ला, ट्रायडंट नावाचं असंच टी-शेपटाचं विमान स्टॉलच्या चाचणीतच पडलं. आणखी चार जण.

अकरा माणसं. सगळी कसलेली, आपलं काम ओळखून असलेली.

त्याच काळात अमेरिकेत डग्लस कंपनी डीसी-९ हे तसंच टी-शेपटाचं विमान तयार करत होती. इंग्लंडची बातमी कळल्यावर त्यांनी मॉडेलं वायुबोगद्यात घालून, नाक इतकं वर करून तपासलं की तेवढ्या कोनावर कुणी शहाणा वैमानिक मुद्दाम जाणार नाही. आणि आडवं शेपूट लांबवलं, म्हणजे त्याची टोकं तरी त्या गढूळ हवेच्या बाहेर राहतील. हे सगळं लाकडाच्या नि धातूच्या मॉडेलवर, एका बंद इमारतीत. तिथं मॉडेलचं शेपूट बुडालं तर आकड्यांची एक रांग वाकडी येते. कुणाच्या घरी तार जात नाही.

आता कुणी म्हणेल, मॉडेल तर आमचा भाचाही उडवतो. रिमोटवालं, ऑनलाइन मागवलेलं. फरक कुठं आहे ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे.

नुसता आकार लहान केला की मॉडेल खरं बोलत नाही. वजनही त्याच हिशेबात लहान व्हावं लागतं, आणि तो हिशेब सरळ नाही. उदाहरणाला एचटी-२ घेऊ. भारतात आराखडा होऊन उत्पादनात गेलेलं पहिलं विमान, १९५१ साली उडालेलं. दोन माणसांचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं. त्याच्या कर्त्याबद्दल पुढं सांगतो. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण पावणेअकरा मीटर, वजन ढोबळमानानं हजार किलो. याचं एक नवमांश मॉडेल करायचं. पंख झाले एक मीटर वीस सेंटिमीटरच्या आसपास. वजन किती? हजार भागिले नऊ, एकशे अकरा किलो? नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही नवव्या हिश्श्यावर आल्या, म्हणून वजन नऊ गुणिले नऊ गुणिले नऊ, म्हणजे ७२९ नं भागायचं. आलं पावणेचौदाशे ग्रॅमच्या आसपास. एक मीटर वीसचं विमान, आत मोटर, बॅटरी, मोजमापाची यंत्रं, आणि एकूण दीड किलोच्या आत. करून बघा. बनवणाऱ्यांना घाम फुटतो तो इथं.

तेवढ्यानंही भागत नाही. वजन कुठं ठेवलंय, हेही जुळावं लागतं. विमान गिरकी घेताना किती अडेल, हे त्यावर ठरतं. सगळं वजन मध्यात असेल तर पटकन फिरेल, टोकांना असेल तर जड जाईल. दळायच्या जात्याला खुंटा कडेला का असतो, हे ज्यानं जातं ओढलंय त्याला सांगावं लागत नाही. गिरकीला होणाऱ्या या विरोधाचा हिशेब नवाचा पाचवा घात आहे. ५९,०४९. म्हणजे मूळ विमानाच्या जवळपास साठ हजाराव्या हिश्श्यावर ते आणायचं. त्यासाठी मॉडेल दोन दोऱ्यांना टांगून झोके देतात, झोक्याचा वेळ मोजतात आणि शिशाचे इवलेसे तुकडे इकडून तिकडं सरकवत बसतात. तासन् तास. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना हे करताना मी बघितलंय. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल पाळणा हलवतायत.

आणि तिसरी गंमत काळाची. मॉडेल नवव्या हिश्श्याचं असेल तर त्याचं घड्याळ तिप्पट वेगानं चालतं, नवाचं वर्गमूळ तीन म्हणून. खरं विमान सहा सेकंदांत एक हेलकावा खात असेल तर मॉडेल दोन सेकंदांत खाणार. वेग मात्र खऱ्याच्या एक तृतीयांश. म्हणजे जमिनीवरून ते चालवणाऱ्याला सगळं तिप्पट घाईत करावं लागतं. ही गणितं मुळात जहाजांची बरं का. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकात छोट्या होड्या पाण्यात ओढून मोठ्या जहाजाला किती जोर लागेल ते काढलं. त्याचंच नाव आज विमानवाले घेतात.

या घाईचा नमुना म्हणून १९७३ मधली नासाची चाचणी बघा. अमेरिकेचं एफ-१५ लढाऊ विमान नवं होतं, आणि ते गिरकीत सापडलं तर बाहेर येईल का, हे माणूस न घालवता कळायला हवं होतं. नासानं त्याचं तीन अष्टमांश आकाराचं, बिनइंजिनाचं मॉडेल केलं. बी-५२ बॉम्बरच्या पंखाखाली लावून उंच नेलं, आणि सोडलं. वैमानिक आइनार एनेव्होल्डसन जमिनीवर, एका खोलीत, टीव्हीच्या पडद्यासमोर बसलेला. जिवाला शून्य धोका. तरी त्याच्या छातीचे ठोके मोजले तर खऱ्या विमानात असतात त्यापेक्षा जास्त भरले! अंगाला काहीच जाणवत नाही, सगळं डोळ्यांनी ओळखायचं, आणि तेही घाईत. एका मॉडेलचा खर्च अडीच लाख डॉलरच्या थोडा वर. खरं एफ-१५ तेव्हा अडुसष्ट लाखांचं. त्या छोट्याला वाकडंतिकडं फिरवून, गरगरवून जे कळलं, त्याच्या जोरावर मग खऱ्या विमानात माणूस बसवून तीच परीक्षा घेतली गेली.

गिरकीचा विषय निघालाच आहे तर लँग्लीच्या उभ्या वायुबोगद्याबद्दल दोन ओळी. १९४१ पासून चालू आहे. वीस फूट रुंद विहीर समजा, फक्त तिच्यात वारा खालून वर वाहतो. कामगार कठड्याशी उभा राहतो आणि हातानं, अक्षरशः हातानं, मॉडेलला गरका देऊन आत फेकतो. विमान हवेत तरंगत फिरत राहतं. मग दुरून त्याचं सुकाणू हलवायचं आणि किती फेऱ्यांत सावरतं ते मोजायचं. कडेला जाळी लावलेली, मॉडेल आपटून फुटू नये म्हणून. अमेरिकेच्या लढाऊ विमानांच्या कितीतरी पिढ्या या विहिरीतून गेल्यात. अब्जावधी डॉलरचा उद्योग, आणि सुरुवात मनगटाच्या एका झटक्यानं. मला हे फार आवडतं.

मॉडेल खोटंही बोलतं, हे लपवायचं कारण नाही. हवा लहान वस्तूला जास्त चिकट वाटते. घार पंख पसरून निवांत तरंगते आणि चिलटाला तीच हवा काकवीसारखी लागते, तसं. वर सांगितलेल्या नवमांश मॉडेलचा आकार नववा हिस्सा आणि वेग तिसरा हिस्सा, म्हणून हा चिकटपणाचा हिशेब खऱ्यापेक्षा सत्तावीस पटींनी चुकतो. मग पंखावरून हवा कुठं सुटेल, स्टॉल नेमका कधी होईल, हे मॉडेल थोडं चुकीचं सांगतं. त्यावर माणसांनी काय काय केलं! १९२० च्या दशकात लँग्लीलाच बोगद्यातली हवा वीस पट दाबून दाट केली. पुढं द्रवरूप नायट्रोजन सोडून बोगदा इतका थंड केला की आत माणूस उभाच राहू शकणार नाही. असा एक बोगदा अमेरिकेत आहे, एक जर्मनीत कोलोनला. म्हणजे मॉडेल जिथं फसवतं तिथं त्याला पकडायच्या युक्त्या आहेत, पण त्या महाग आहेत आणि त्यात वर्षं जातात. ज्यांना पुढच्या निवडणुकीपर्यंत विमान हवं असतं त्यांच्यासाठी हा धंदा नाही.

आता आपल्याकडं येऊ. मराठी माणसासमोर विमानाचा विषय काढला की दोन मिनिटांत शिवकर बापूजी तळपदे येतातच. १८९५ ला गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं, असा दावा. त्यावर सिनेमा निघाला. २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा हवाला दिला जातो, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. कॉमेंटमध्ये यावरून भांडण होणार हे माहीत आहे, होऊ द्या. तळपद्यांची धडपड खोटी होती असं मी म्हणत नाही. मी फक्त एवढंच विचारतो, की मोजमापं कुठायत?

कारण राइट बंधूंची मोजमापं आहेत. १९०० आणि १९०१ ला त्यांनी केलेली ग्लायडरं हिशेबापेक्षा फारच कमी उचलली गेली. दोघं सायकल दुरुस्तीवाले. १९०१ च्या शरद ऋतूत त्यांनी दुकानातच सहा फुटी लाकडी पेटीचा वायुबोगदा केला, जुन्या करवतीची पाती आणि सायकलच्या तारा वापरून तराजू केला, आणि पत्र्याचे दोनेकशे छोटे पंख एकेक करून तपासले. हातभर लांबसुद्धा नाहीत असे पंख. लोकांना आठवतं ते १७ डिसेंबर १९०३ चं उड्डाण. पण त्या उड्डाणाची शक्यता ठरली ती आधी दोन वर्षं, त्या पेटीत.

आणि हे काम ज्या मराठी माणसानं आपल्याकडं खरोखर केलं, त्याचं नाव आपल्या फॉरवर्डमध्ये येत नाही. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले. १९३० च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटलकडं त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे हवेच्या शास्त्रातला बाप माणूस. त्याची तिथली संस्था १९०७ साली सुरू झाली तेव्हा तिच्या जर्मन नावाचा अर्थच मुळी 'मॉडेल चाचणी संस्था' असा होता. घाटगे परत आले, १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला त्याचं काम त्यांच्याकडं आलं, मग ते हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले आणि एचटी-२ झालं. वर ज्याचं गणित मांडलं तेच. आपल्या हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी हवेतले पहिले धडे त्यावर गिरवले. घानालाही आपण ती विकली. आता सांगा, आपल्या गावात एक तरी पोरगं आहे का ज्याला घाटगे माहीत आहेत? तळपदे सगळ्यांना माहीत आहेत.

पुढं मारुतच्या वेळीही हीच शिस्त दिसते. एचएफ-२४ मारुत, आपलं पहिलं लढाऊ जेट, जर्मन कुर्ट टँक यांच्या हाताखाली झालेलं. जेट करायच्या आधी १९५९ मध्ये त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं, लाकडी बिनइंजिनाचं ग्लायडर केलं गेलं. डाकोटा विमानाला दोरानं बांधून ते वर न्यायचं आणि सोडायचं. अशी सत्तरच्या वर उड्डाणं. जेट उडालं १९६१ मध्ये. तेव्हा देश गरीब होता, धान्य बाहेरून येत होतं, आणि तरी लाकडाचं विमान वर नेऊन सोडण्याइतका धीर होता.

आज तो धीर आमच्या धंद्यात उरलेला नाही. पत्रकार म्हणून हे सांगताना बरं वाटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात 'रुस्तुम-२' हे ड्रोन चाचणीत शेतात कोसळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात 'तपस' ड्रोन पडलं. ही काही छोटी मॉडेलं नव्हेत, पण बिनमाणसाची, चाचणीतलीच यंत्रं. दोन्ही वेळा माणूस दगावला नाही. दोन्ही वेळा गावकऱ्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो देशभर फिरले, आणि चॅनलांवर तोच सूर, की बघा, यांना साधं ड्रोन जमत नाही. पडलं का, त्यातून काय सापडलं, दुरुस्ती काय केली, याची बातमी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. उलट त्याच तळावर १ जुलै २०२२ ला डीआरडीओनं शेपूट नसलेलं, नुसत्या पंखाच्या आकाराचं एक छोटं बिनमाणसाचं विमान उडवलं. शेपटाशिवाय विमान सरळ ठेवणं हे महाकठीण काम. बोइंग आणि नासानं अशाच पंखासारख्या विमानाचं साडेआठ टक्के आकाराचं मॉडेल २००७ पासून तीन वर्षांत ९२ वेळा उडवलं होतं, तेव्हा कुठं त्याचा स्वभाव कळला. आपल्या वर्तमानपत्रांत २०२२ च्या उड्डाणाला किती जागा मिळाली? एक चौकट. आतल्या पानावर.

म्हणजे पडलं तर पहिलं पान, उडालं तर चौकट. शास्त्रज्ञही माणसंच आहेत. असं चाललं तर ते काय शिकतील? अवघड चाचणी घ्यायची नाही. जिथं पडणार नाही तिथंच उडवायचं. आणि जी चूक मॉडेलनं अडीच लाखांत दाखवली असती ती पुढं खऱ्या विमानात, माणसासकट सापडायची.

मॉडेलनं दाखवून दिलं तरी काम भागत नाही, हे बोइंग ७३७ मॅक्सनं शिकवलंय. त्या विमानाला आधीच्यापेक्षा मोठी इंजिनं लावायची होती, जमिनीपासून अंतर कमी पडत होतं, म्हणून ती पुढं आणि वर सरकवली. २०१२ मध्ये वायुबोगद्यात छोट्या मॉडेलवर लक्षात आलं की काही टोकाच्या स्थितीत या इंजिनांमुळं नाक आपोआप वर जायला बघतं. अपघातांनंतर अमेरिकी वर्तमानपत्रांनी हे खणून काढलं. म्हणजे मॉडेलनं आपलं काम चोख केलं होतं. विमान उडायच्या कितीतरी आधी, बंद खोलीत, वाईट बातमी सांगितली होती. पण विमानाचा आकार बदलायचा तर वेळ जाणार, खर्च वाढणार, आणि पलीकडं एअरबस विक्री करतंय. म्हणून उपाय निघाला सॉफ्टवेअरचा, नाक आपोआप खाली ढकलणारा. तो एकाच सेन्सरवर अवलंबून ठेवला, पुढं त्याचा जोर आणखी वाढवला, आणि वैमानिकांच्या पुस्तकात त्याचा उल्लेखही केला नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात १८९ जण गेले. त्या विमानाचा कॅप्टन आपल्या दिल्लीचा, तिशीतला पोरगा. १० मार्च २०१९ ला इथिओपियात १५७. दोन्ही वेळा सेन्सरनं चुकीचं सांगितलं, सॉफ्टवेअर नाक खाली दाबत राहिलं, आणि वैमानिक शेवटपर्यंत वर ओढत राहिले.

म्हणून मला वाटतं, प्रश्न नुसता बोगदे बांधायचा नाही. ते आपल्याकडं आहेत. बंगळुरूला एनएएलचा वायुबोगदा १९६७ पासून चालतोय, तेजसपासून इस्रोच्या रॉकेटांपर्यंत कितीतरी मॉडेलं त्यानं तपासलीत. आयआयटी कानपूरला आहे. प्रश्न असा आहे की त्या बोगद्यातून वाईट बातमी आली तर ती वर किती मजल्यांपर्यंत पोचते. 'साहेब, शेपूट बदलावं लागेल, दीड वर्ष जाईल,' हे सांगणाऱ्या चाळिशीतल्या इंजिनिअरला कोण पाठीशी घालतं. आणि त्या दीड वर्षाच्या विलंबावर आम्ही पत्रकार काय मथळा देतो. 'प्रकल्प रखडला' हा मथळा टाइप करायला दहा सेकंद लागतात. प्रत्येक विलंब चाचणीमुळंच होतो असं नाही, कित्येकदा नुसता ढिसाळपणा असतो, आणि तो छापायलाच हवा. पण दोन्हीत फरक करायचा तर विचारावं लागतं, बसून समजून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी संध्याकाळी सहाची डेडलाइन पुरत नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या एअरो इंडियात आपल्या होऊ घातलेल्या अॅम्का लढाऊ विमानाचं पूर्ण आकाराचं मॉडेल ठेवलं होतं. त्याच्याजवळ सेल्फी काढायला ही गर्दी. देखणं होतं, नाही असं नाही. पण ते उभं ठेवायचं मॉडेल. ज्यांना वारा खावा लागतो, ज्यांना झोके दिले जातात, जी विहिरीत गरगर फिरवली जातात, ती मॉडेलं प्रदर्शनात येत नाहीत. अॅम्काच्या विकासासाठी मार्च २०२४ मध्ये केंद्रानं सुमारे पंधरा हजार कोटी मंजूर केलेत. आपल्या भागाचे खासदार हे पोस्ट वाचत असतील, निदान त्यांचे पीए तरी वाचतातच, त्यांना विनंती आहे. या रकमेतला किती हिस्सा मॉडेलच्या चाचण्यांना आहे आणि त्यात सापडलेल्या दोषांमुळं आराखडा आजवर किती वेळा बदलला, एवढा एकच प्रश्न लोकसभेत लेखी टाका. गोपनीय असेल तेवढं ते झाकतीलच. उरलेलं उत्तर जसं येईल तसं मी पहिल्या पानावर घेतो, आणि दोष जितके जास्त सापडले असतील तितका मथळा मोठा.

गुरुजी, पत्र्याचं विसरलो नाही. उद्या शाळेत येतो, फोटो काढून ठेवा.